त्रेसष्टाव्या वर्षी पहिला मूस

कुइगाक गावात कोणाचं मांस वाटेत आंबलं, की लोक एवढंच विचारत, "वासिली बरोबर नव्हता वाटतं?"

मूस मारणं हे काम सोपं आहे. घोड्याहून उंच जनावर, तेही नदीकाठी पाणी प्यायला येतं. नेम धरता येणारा कोणीही ते पाडतो. खरी परीक्षा त्यानंतर. कुस्कोक्विम नदीच्या वरच्या अंगाला, गावापासून तीनशे मैलांवर, अडीचशे किलो मांस उघड्या बोटीत घालायचं आणि तीन दिवस ऊन, पाऊस, माश्या सांभाळत घरी आणायचं. इथे भले भले शिकारी गारद होतात. एकाने मांस प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून आणलं होतं. गावाच्या धक्क्यावर पिशव्या उघडल्या तेव्हा कुत्रीसुद्धा विचारात पडली. त्याला लोक अजून 'पिशवी' म्हणतात, आणि तो आता आजोबा झाला आहे.

वासिलीची रीत ठरलेली होती. कातडी झटपट उतरवायची, म्हणजे आतली ऊब निघून जाते. बोटीच्या तळाला आडवे वासे, त्यावर स्प्रूसच्या फांद्या, त्यावर मांड्या आणि फरे, एकाला दुसरा न टेकता. वर ताडपत्री, पण दोरीवर ताणलेली, खालून वारा खेळता राहील अशी. दर चार तासांनी बोट काठाला लावून प्रत्येक तुकडा उलटायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा आणि हाडाच्या सांध्याशी नाक नेऊन हुंगायचं. शिंगं सगळ्यात शेवटी चढवायची. ज्याची नजर आधी शिंगांवर जाते त्याला तो बोटीत घेतच नसे. तीस वर्षं त्याने गावच्या शाळेचा बॉयलर सांभाळला, त्याआधीपासून आणि नंतरही दर सप्टेंबरात कोणा ना कोणाचं मांस आणलं. एकाही घराचं आंबलं नाही.

मात्र हा माणूस स्वतः कधी बंदूक उचलत नसे. "तू मार, मी बोट धरतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लहानपणी, तेराव्या वर्षी, त्याने एक मूस मारला होता, हे गावाला माहीत होतं. त्यानंतर पन्नास वर्षांत एकही नाही. कोणी म्हणे, डोळे अधू आहेत. कोणी म्हणे, बॉयलरच्या धडधडीने हात कापतो. कोपरापर्यंत रक्तात बुडून काम करणाऱ्या माणसाबद्दल कोणी तर असंही म्हणे, की त्याला रक्त बघवत नाही. वासिली हसायचा आणि चहा ओतून घ्यायचा.

खरं कारण त्याने पोटात ठेवलं होतं. तेराव्या वर्षीचा तो मूस त्याचा नव्हताच.

त्या सप्टेंबरात तो थोरल्या भावाबरोबर, अयागिनारबरोबर, वर गेला होता. बोट झुडपांआड लावून दोघांनी एकदमच गोळ्या झाडल्या. वासिलीची गोळी पाण्यात गेली. पाणी उडालेलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मूस पडला तो भावाच्या गोळीने. पण एकोणीस वर्षांचा अयागिनार दिलदार गडी होता. त्याने धाकट्याच्या पाठीत थाप घातली आणि म्हणाला, "तुझा! आई खुश होईल." वासिलीने "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतकंच घडलं.

पहिल्या शिकारीचा नियम या लोकांत मोठा कडक. पहिल्यांदा मारलेल्या जनावरातलं नखाएवढंही घरात ठेवायचं नाही. सगळं म्हाताऱ्यांना, विधवांना वाटून टाकायचं, आणि मारणाऱ्याने ते जिभेला लावायचंही नाही. म्हणजे हा हात हावरट नाही हे जनावरांना कळतं आणि ती पुन्हा त्याच्यापुढे येतात. आईने एकोणीस घरी मांस वाटलं. तरुणपणीच विधवा झालेली नास्ताशिया मावशी, तिला चरबीदार बरगडी मिळाली. तिच्या घरी त्या संध्याकाळी सूप शिजलं आणि सगळ्यांच्या गर्दीत वासिली चुलीमागे बसून दोन वाडगे प्याला. आपण मारलाच नाही, मग खायला हरकत कसली, असा त्या पोराचा हिशेब होता. कोणी बघितलं नाही, असंही त्याला वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात अयागिनार बर्फ फुटून नदीत गेला. आता खरं सांगावं तर मेलेल्या भावाला खोटारडा ठरवावं लागणार. आणि दुसरा मूस मारावा, तर गाव तो दुसराच मोजणार, पहिला कायमचा खोटाच राहणार. मग वासिलीने बंदूकच बाजूला ठेवली आणि बोट हातात घेतली. मांस आणण्यात तो एवढा वाकबगार झाला, त्याचं मूळ हे असं होतं.

त्या वसंतात बहिणीला मुलगी झाली. रीतीप्रमाणे तिला गेलेल्याचं नाव मिळालं. शाळेच्या कागदावर ती शार्लीन, पण खरं नाव अयागिनार. नाव आलं म्हणजे माणूसच आला. वासिलीची आई त्या तान्ह्या मुलीला मोजे विणून द्यायची, माशाचा मऊ तुकडा तिच्या तोंडात घालायची, म्हणायची, "खा बाळा, तिकडे पाण्यात थंडी असेल." आणि चौदा वर्षांचा वासिली पाळण्यातल्या भाचीला 'दादा' म्हणू लागला. आता ती एकोणपन्नास वर्षांची, गावच्या दवाखान्यात काम करणारी, आडव्या अंगाची आणि त्याहून आडव्या तोंडाची बाई होती. तो तिला अजून दादाच म्हणे. तीही थोरलेपणाचा हक्क पुरेपूर वसूल करी.

या वर्षी दोघेच वर गेले होते. उन्हाळ्यात मासेमारी बहुतेक बंदच राहिली, त्यामुळे वासिलीच्या घरचा फ्रीझर रिकामा होता. बायको अ‍ॅग्नेस निघताना म्हणाली होती, "मांस आण, नाहीतर तिकडेच घर बांध." आणि शार्लीनने दवाखान्यातली बातमी सांगितली होती. नास्ताशिया मावशी आता नव्वदीची, दोन्ही डोळे गेलेले, जेवणाला तोंड लावत नव्हती. मुसाची बरगडी मिळाली तर खाईन, एवढंच म्हणे. त्या एकोणीस घरांतली म्हातारी माणसं केव्हाच गेली होती. ज्यांना खोटं वाढलं गेलं, त्यांच्यातली ही शेवटची.

पाच दिवस मूस दिसला नाही. सहाव्या सकाळी शार्लीन बंदूक बोटीत ठेवून झुडपांआड लघवीला गेली, आणि मूस आला.

वाळुंजाच्या झुडपांतून तो सरळ पाण्यात उतरला. वीस पावलांवर. मान वळवून त्याने वासिलीकडे पाहिलं आणि तिथेच उभा राहिला. वासिलीने झुडपांकडे पाहिलं. दादाचा पत्ता नाही. मूस हलेना. जनावर असं उभं राहतं तेव्हा ते स्वतःला देऊ करत असतं, आणि त्याला नाही म्हणणं हा अपमान. वासिलीने बंदूक उचलली. एकच गोळी.

शार्लीन एका हाताने पँट सावरत धावत आली. "कोण होतं? कोणी मारला?"

"मी."

"तू?" ती मुसाकडे बघे आणि त्याच्याकडे बघे. "धाकट्या, पाच दिवस मी डोळ्यांत तेल घालून बसले, आणि तू मी मुतायला जायची वाट बघत होतास?"

"तोच आला गं. मी काय करू?"

"पन्नास वर्षांत दुसरा! घाई करू नकोस हं, तिसऱ्यासाठी."

दुसरा, हा शब्द वासिलीला लागला. सुरा काढून कामाला लागला.

दुपारपर्यंत बोट भरली. परतीचा पहिला दिवस बरा गेला, हवा गार होती. दुसऱ्या दिवशी मात्र सप्टेंबरने दगा दिला. आभाळ निवळलं, ऊन जूनसारखं तापलं, निळ्या माश्या घोंघावू लागल्या. वासिलीचं अर्धं लक्ष मागे मांसावर, अर्धं मावशीवर आणि उरलंसुरलं नदीवर. त्या नदीचा एकेक वळसा त्याला पाठ होता. तरी ऐन दुपारी बोट पुऱ्या वेगात वाळूच्या दांड्यावर चढली आणि थांबली. शार्लीन पुढच्या पुढे फांद्यांवर पालथी पडली.

उठून तिने तोंडातला स्प्रूस थुंकला. "मांस आणावं तर वासिलीने! गावभर सांगते."

"सांग. आधी मांड्या उतरव."

बोट हलकी केल्याशिवाय हलणार नव्हती. दोघांचं मिळून वय एकशे बारा, आणि एकेक मांडी चाळीस किलोची. गुडघाभर पाण्यातून एकेक तुकडा पाठीवर घेऊन पलीकडच्या सावलीत न्यायचा, फांद्यांवर ठेवायचा, परत यायचं. नाकी नऊ आले. शेवटची मांडी ठेवताना वासिलीने सवयीने सांध्याशी नाक नेलं आणि तो थबकला. पुन्हा हुंगलं. वास नव्हता अजून, पण हाडाजवळ बोट घातलं तर ऊब लागत होती. त्याने हाडापर्यंत उभा छेद दिला, मांस दोन्हीकडे उघडलं आणि टोपीने वारा घालायला लागला. चाळीस-पन्नास वर्षं मांस आणणारा माणूस टोपी हलवत होता आणि रडवेला झाला होता.

शार्लीन दवाखान्यातली, माणसाचा चेहरा तिला वाचता येतो. "एवढं काय झालं? एक मांडी गेली तर गेली. माझं परमिट अजून कोरं आहे. इथेच थांबू, उद्या मी मारते."

"थांबलो तर हे सगळं आंबेल."

"अर्धं आंबेल. तेवढं नवीन येईल."

"यातलं काहीच आंबायला नको, दादा. हा माझा पहिला आहे."

"दुसरा."

"पहिला," वासिली म्हणाला, आणि वाळूवर बसून त्याने सगळं सांगितलं. पाण्यात उडालेली गोळी, पाठीतली थाप, चुलीमागचे दोन वाडगे. पन्नास वर्षांची गोष्ट सांगायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

शार्लीन ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे खोटं तू बोललाच नाहीस. खोटं बोलले मी."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. 'तुझा' कोण म्हणालं? मीच ना? एवढा मोठा घोळ घालून मी खुशाल बर्फाखाली जाऊन बसले, आणि तुला आयुष्यभर बोट हाकायला लावली." ती हसत होती, पण डोळे भरले होते. "मला आधी का नाही सांगितलंस, गाढवा?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच! ऊठ आता."

मग तिच्या डोक्यात पुढचं आलं. पहिला मूस म्हणजे सगळा वाटायचा. तिला वाटा नाही, त्याला नाही. दोघांचं पेट्रोल, आठवडाभराची मेहनत आणि घरी दोन रिकामे फ्रीझर. "अ‍ॅग्नेस मामी तुझं कातडं सोलेल," ती म्हणाली. वासिली म्हणाला, "आणि नीट वाळवेल." मग दोघांनी दोराने बोट ओढून खोल पाण्यात आणली, वासे पुन्हा रचले आणि मांस चढवलं. छेद दिलेली मांडी वासिलीने सगळ्यात पुढे, वाऱ्याच्या तोंडाशी ठेवली. त्या दिवशी तो दर चार तासांऐवजी दर तासाला थांबला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोट गावाला लागली. अ‍ॅग्नेस काठावर उभीच होती. मांसाचा ढीग बघून तिचा चेहरा उजळला. तो तसाच राहावा असं वासिलीला फार वाटलं. पण मांस बोटीतून उतरायच्या आधी सांगणं भाग होतं. त्याने सांगितलं.

अ‍ॅग्नेसने सगळं ऐकून घेतलं. "झालं तुझं? हिवाळाभर मी काय शिजवू? तुझी लाज?"

"मामी, चूक माझी आहे," शार्लीन मध्ये पडली.

"तू गप्प बस. एकोणिसाव्या वर्षी अक्कल नव्हती ती नव्हतीच, एकोणपन्नासाव्या वर्षी तरी यायची." अ‍ॅग्नेसनेही तिला सहज मोठ्या दिराच्या जागी धरून फैलावर घेतलं. मग ती घरात गेली. वासिलीला वाटलं, आता ही बाहेर येत नाही. ती आली, हातात अर्धगोल पात्याचा सुरा आणि पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. पुठ्ठे वाळूवर अंथरून ती मांसाचे वाटे घालायला बसली. तोंड फुगलेलं होतं, पण वाटे मोठे घालत होती. एका वाट्यात तिला चरबी कमी वाटली, तेव्हा दुसऱ्यातली काढून तिने त्यात टाकली. वासिली बघत राहिला. या बाईशी आपण लग्न केलं हे आपलं नशीब, असं त्याला वाटलं. तसं बोलण्याची ही वेळ नव्हती.

छेद दिलेली मांडी त्याने शेवटी हुंगली. ताजी होती. त्याने ती अ‍ॅग्नेसपुढे ठेवली.

संध्याकाळच्या आत तेवीस घरांत मांस पोचलं. बरगडी नास्ताशिया मावशीकडे तो स्वतः घेऊन गेला. अ‍ॅग्नेस आणि शार्लीन सोबत होत्या. म्हातारी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. शार्लीनने तिच्या मांडीवर पुठ्ठा ठेवून त्यावर बरगडी ठेवली. मावशीने बोटांनी चरबी चाचपली, हाडाचं टोक नाकाशी नेलं.

"आंबलं नाही."

"नाही, मावशी."

"कोणी मारला?"

"मी."

मावशीने मान हलवली. अ‍ॅग्नेसने बरगडी तोडून पातेल्यात घातली. कांदा, तांदूळ, मीठ. घरभर वास सुटला. आठवडाभर सुकी मासळी खाऊन काढलेल्या वासिलीच्या तोंडाला पाणी सुटलं. वाडगे भरताना अ‍ॅग्नेसने सवयीने एक त्याच्याही पुढे ठेवला. त्याने तो हळूच बाजूला सारला आणि डब्यातलं एक कडक बिस्किट घेतलं.

मावशी सावकाश खात होती. चार चमचे, पाच चमचे. शार्लीन मनात मोजत होती. मग मावशी थांबली.

"वासिली खातोय का?"

"नाही," अ‍ॅग्नेस म्हणाली. "बिस्किट चावत बसलाय."

"त्या वेळी चुलीमागे बसून दोन वाडगे हाणले होते."

बिस्किट वासिलीच्या हातातच राहिलं. "मावशी, तुला ठाऊक होतं?"

"आंधळी मी आत्ता झाले. तेव्हा नव्हते. स्वतःचा पहिला मूस कोणी खातो का?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? माझ्या पोरांच्या पोटात मांस गेलं होतं. म्हटलं, पोरगा आणेल कधीतरी स्वतःचं." तिने तोंड पुसलं. "फार वेळ लावलास बाबा. माझे दात गेले."

मग ती शार्लीनचा आवाज आला होता त्या बाजूला वळली. "अयागिनार, त्या वेळच्या बरगडीबद्दल कुयाना. तेव्हा चुकीच्या माणसाचे आभार मानले होते मी."

शार्लीनने चमचा खाली ठेवला. एरवी हिच्या तोंडाला कुलूप नाही, पण आता ती नीट बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "असू दे, मावशी. गोड लागली ना?"

"लागली." म्हातारीने हात पुढे केला, हवेत चाचपला. वासिलीने तो धरला. "आणि वासिली, आजच्या बरगडीबद्दल कुयाना."

वासिलीला रडू आवरलं नाही, आणि त्याने आवरायचा प्रयत्नही केला नाही. त्रेसष्ट वर्षांचा माणूस तेरा वर्षांच्या पोरासारखा रडला. मावशीने हात सोडवून घेतला, कारण तिला चमचा धरायचा होता. अ‍ॅग्नेसने त्याच्यापुढचा वाडगा उचलला, त्यातलं मांस बारीक करून म्हातारीच्या वाडग्यात घातलं, आणि नवऱ्याच्या पुढ्यात चहा सरकवला.